मधुकरचं जावळ

मला कुत्र्यांचं वेड नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी माझ्या दारात पिल्लू आणून सोडायचं. पण कारंजातल्या माझ्या घरमालकिणीबद्दल सांगायचं तर कुत्र्यावाचून सांगताच येत नाही. माझा नाइलाज आहे.

कारंजा घाडगेच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. तो गेल्यावर काकूंनी ते एकटीनं चालवलं, आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा एका मोबाइलवाल्याला देऊन टाकलं. दुकान गेलं, पण टिचकी राहिली. काकू कुठलीही वस्तू बोटानं वाजवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. टरबूज वाजवायच्या, ते ठीक आहे. भिंतीचा गिलावा वाजवायच्या, नवी बादली वाजवायच्या, गॅसवाल्यानं आणलेलं सिलिंडर वाजवायच्या, आणि एकदा तर पोस्टमनचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर असतानाच वाजवून म्हणाल्या होत्या, "हे बदल गा, याच्यात जीव नाई."

मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून माझी भांडी एकेक वाजवली. "हा कुकर पातळ हाय. फसवलं तुले." मग डबे झाले, परात झाली. शेवटी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुले वाजवाची गरज नाई. तू आपोआपच वाजतेस." माझी बडबड त्यांना पहिल्या तासाभरातच कळली होती. मला राग आला होता, पण खोली चांगली होती, हवेशीर होती, म्हणून गिळला.

दुसऱ्याच वर्षी काकू डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेल्या आणि येताना कुत्रं घेऊन आल्या.

ऑपरेशननंतर त्या एका जुन्या मैत्रिणीकडे राहिल्या होत्या. त्या मैत्रिणीच्या घरी पूडल जातीची कुत्री होती आणि तिला पिल्लं झाली होती. काळा चष्मा लावून काकू एसटीतून उतरल्या, हातातली पिशवी माझ्यापुढे धरली, आणि पिशवीतून जर्दाळूच्या रंगाचं, कुरळ्या केसांचं एक तोंड वर आलं.

"काकू, हे काय?"

"डोळ्याची पट्टी काढली, आन् पयल्यांदा साफ दिसलं ते याचं तोंड. मंग काय करू? तिथंच ठेवून येऊ?"

मी पिशवी हातात घेतली.

त्याचं नाव त्यांनी मधुकर ठेवलं. टॉमी नाही, मोती नाही, मधुकर. आमच्या मुख्याध्यापकांचंही नाव मधुकरच. ते एकदा सकाळी आमच्या गल्लीतून जात असताना काकू आतून ओरडल्या, "मधुकर! दूध पिऊन घे, मंग कुठंही मूत!" सर थबकले. मी गॅलरीतून खाली वाकले होते, ती तशीच मागे सरकले. पुढे कितीतरी दिवस शिक्षकांच्या खोलीत सर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचे. मी काकूंना म्हटलं, अहो, दुसरं काहीतरी नाव ठेवा. तर म्हणाल्या, "हे नाव मी लगनाच्या पयल्या सालापासून धरून ठेवलं हाय. आता कोनाले देऊ?" काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यानंतर मी नावाबद्दल कधी बोलले नाही.

मूल म्हटलं की मुलाचं सगळं आलं. काकू पाय लांब करून बसायच्या, मधुकरला पायांवर उताणा घ्यायच्या आणि तिळाच्या तेलानं रगडून काढायच्या. मग बेसन लावून अंघोळ. मग ओव्याची धुरी. धुरीत तो शिंकायचा, आणि प्रत्येक शिंकेला काकू "सत्तंजी" म्हणायच्या, म्हणजे शतं जीव. शेवटी काजळाची तीट. मी म्हटलं, काकू, याचं नाक आधीच काळं आहे, दृष्ट लागून लागणार कुठे? "मंग गालाले लावतो," म्हणाल्या आणि त्या केसांच्या जंगलात गाल शोधत बसल्या.

पूडलचं हे एक आहे. त्याचे केस इतर कुत्र्यांसारखे गळत नाहीत, वाढतच जातात. मला हे मोबाइलवर कळलं. रोज विंचरायचे, महिन्या-दीड महिन्यानं कापायचे, कानात आतून उगवलेले केस काढायचे आणि कान कोरडे ठेवायचे. नाहीतर गुंता होतो, गुंत्याचा नमदा, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीसारखा थर, होतो, आणि नमद्याखाली कातडीला वारा लागत नाही. तेल तर अजिबात नको, कारण तेलावर धूळ बसते आणि गाठ पक्की होते. मी काकूंना सगळं वाचून दाखवलं. स्पर्धेत उतरणाऱ्या पूडलचा फोटोही दाखवला. अंगावर मधेमधे सफाचट, पायांना गोंडे, शेपटीला गोंडा, डोक्यावर टोप. पूर्वी हे कुत्रे पाण्यात पडलेली शिकार काढून आणायचे म्हणे, तेव्हा पोहायला सोपं जावं म्हणून केस काढायचे आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढे गोंडे ठेवायचे. काकूंनी नव्या डोळ्यांनी फोटो नीट पाहिला.

"न्हावी अर्ध्यातून उठून गेला वाटते," म्हणाल्या.

"ते जाऊ द्या. पण केस कापावे लागतील."

"कापू ना. जावळ झालं की कापू. जावळाच्या आंधी पोराले कैची लागत नाई."

आणि इथे सगळं अडलं. आमच्याकडे मुलाचं जावळ काढायचं तर त्याला मामाच्या मांडीवर बसवतात, आणि आत्या पुढे पदर पसरून ते केस झेलते, जमिनीवर पडू देत नाही. मधुकरचा मामा म्हणजे काकूंचा भाऊ. तो वर्ध्याकडच्या आंजी गावाला होता, शेती करून होता, ठणठणीत होता. पण कित्येक वर्षांत त्यानं काकूंचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि काकूंनी त्याचा.

मी आपली समजत होते, म्हातारीची हौस आहे, दोन महिन्यांत उतरेल. ती काही उतरली नाही. मधुकर वाढला, त्याहून त्याचे केस वाढले. होळी झाली, ऊन तापायला लागलं. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय ते आमच्याकडे राहणाऱ्यालाच माहीत. काकूंनी घरातला एकुलता एक कूलर मधुकरच्या तोंडाशी लावला आणि स्वतः दारात ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसू लागल्या. तरी मधुकर धापा टाकायचा. मग त्यानं खाणं कमी केलं. कान झटकायचा, मान वाकडी धरायचा, पोटाजवळ हात लावला की कण्हायचा. अंगाला वास यायला लागला, तो धुरीनंही जाईना.

मी हट्टानं त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. काकू पदरानं त्याला वारा घालत सोबत आल्या. डॉक्टरांनी गुंता दोन बोटांनी बाजूला करायचा प्रयत्न केला, तो होईना. मग एका जागी थोडा उचलून आत पाहिलं. आतली कातडी लाल, ओली झाली होती, आणि गोचिडांनी घर केलं होतं. कान तर वाहतच होते.

"काकू, औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण औषध कातडीपर्यंत पोचणार कसं? हे सगळे केस मशिननं काढा. आजच मी काढतो, म्हणाल तर. ऊन अजून चढायचं आहे. असंच ठेवलं तर हा उन्हाळा काढणार नाही."

काकूंनी मधुकरला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "औषध द्या. केसाचं मी पाहतो."

रस्ताभर मी त्यांच्याशी भांडले. हो, भांडले. म्हटलं, जीव मोठा की रीत मोठी? काय लोकांना दाखवायचंय? कुत्र्याला कसला मामा आणि कसलं काय? काकू पदरानं मधुकरला वारा घालत चालत राहिल्या. दुपारी मी ताक घेऊन खाली गेले तर त्या कूलरपुढे जमिनीवर बसलेल्या, मधुकर पुढ्यात निजलेला आणि त्यांच्या हातात शिवणकामाची कात्री. कात्री उघडी होती. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे.

"होऊन नाई राह्यलं वं," त्या म्हणाल्या. "हात जात नाई. याचं तरी बिनामामाचं कसं करू?"

"मग भावाले काऊन नाई बोलावत?" मी चिडले की माझी बोली आपोआप घरची होते.

तेव्हा त्यांनी सांगितलं. भावाला मुलगा झाला, त्याचं आंजीला जावळ होतं. काकू एकुलती एक आत्या. नवं लुगडं नेसून गेल्या, बाळाच्या पुढे बसल्या, पदर पसरला. तेवढ्यात घरातली एक जुनी बाई म्हणाली, तू नको, तुझी कूस उजवली नाई, लेकराले बाधा होईल. दुसरी कोणी लेकुरवाळी बसू दे. काकूंच्या हाताला धरून त्यांना उठवलं आणि शेजारणीला बसवलं. काकूंनी पदर आवरला, पंगतीला वाढलं, भांडी घासली आणि संध्याकाळच्या बसनं परत आल्या.

"बायाइचं मले काई नाई वाटलं. बाया बोलतेच. पन हा समोरच बसला होता. सख्खा भाऊ. एक अक्षर नाई बोलला. यानं म्हनाचं होतं ना एकडाव, की ताईच घेईल म्हनून." कात्री त्यांनी बाजूला ठेवली. "यांच्या मयतीले आलता, उभ्याउभ्याच गेला. मी बी बस म्हटलं नाई."

मी ताकाचा पेला त्यांच्याजवळ ठेवला आणि वर आले. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा असा संताप आला होता की बस.

माझं घर वर्ध्याला. दर शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं आर्वीवरून घरी जायची, आणि ती गाडी आंजीवरूनच जाते. इतके दिवस मी खिडकीतून आंजी पाहत होते, त्या शनिवारी उतरले. स्टँडजवळच एक बी-बियाण्यांचं दुकान होतं, तिथे काकूंच्या भावाचं नाव घेऊन घर विचारलं. दुकानात बसलेला माणूस म्हणाला, "ते माझे बाबा." चांगला पस्तिशीचा, मिशीवाला, कपाळ वरपर्यंत गेलेला. म्हणजे जावळ ते याचंच. त्यानं दुकान बाजूवाल्याच्या भरवशावर टाकलं आणि मोटारसायकलवर मला घरी नेलं. कारंजाला आपली आत्या आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. का जात-येत नाहीत, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊ लिंबाखाली बाजेवर बसले होते. काकूंचंच नाक, काकूंचेच कान. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण त्यांनी आधी पाणी मागवलं आणि मला बाजेवर बसवून स्वतः खाली बसले, त्यामुळे भांडण जमेना. मी सरळ सगळं सांगून टाकलं. कुत्रं, नाव, केस, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि कात्री. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. कुत्र्याचं जावळ म्हटल्यावर तो हसायला लागला, मग बापाचं तोंड पाहून थांबला.

भाऊंनी पाण्याचा रिकामा पेला बाजूला सारला. मग विचारलं, "कुत्रा चावते काय?"

"नाही हो. गरीब आहे."

"ताईनं बोलावलं का तुम्ही आपल्या मनानं आल्या?"

"माझ्या मनानं. त्या काही बोलावणार नाहीत."

"बोलावलं असतं तं मले जास्तच लाज वाटली असती," ते म्हणाले. "उद्या येतो."

मी घरचा मुक्काम अर्धवट टाकून रविवारी पहाटेच्याच गाडीनं परतले. हे लोक येतील आणि काकू दार लावून घेतील याची मला पक्की खात्री होती. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण सुनावता सुनावता त्यांनी अंगण झाडलं, कुठून तरी जुना पाट काढला, त्याला टिचकी मारून पाहिलं आणि धुऊन उन्हात ठेवला.

बापलेक मोटारसायकलवरून आले. भाऊ दारात उभे राहिले, हातात कापडाची पिशवी. काकू आत, उंबऱ्याच्या अलीकडे. दोघंही एकमेकांच्या पायांकडे पाहत होते. मला वाटलं, आता हे इथेच संध्याकाळ करणार.

"भाचा कुठं हाय?" भाऊ म्हणाले.

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "पाय धुऊन ये," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

पिशवीत लाल झबलं होतं. मामानं जावळाला कपडे आणायचे असतात. झबलं माणसाच्या बाळाचं, वर टोपडंसुद्धा. कुत्र्याच्या शेपटीची कोणीच सोय केली नव्हती, पण ते नंतर पाहू म्हटलं. सडकेवरच्या सलूनवाल्याला मी आधीच गाठलं होतं. तो नवी पाती घातलेलं मशिन घेऊन आला आणि येताना दहादा बजावत होता, "मॅडम, गावात सांगू नका हो, गिऱ्हाईक बसणार नाई मंग."

भाऊ पाटावर बसले. काकूंनी मधुकरला त्यांच्या मांडीवर दिला. मशिन सुरू झालं तसा तो घाबरून मामाच्या पायजम्यावर मुतला. भाऊ हलले नाहीत. "मुतू दे," म्हणाले, "मामाच्या मांडीवरच मुततेत." आता केस झेलायला आत्या हवी, तर काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "तू बस. याची दुसरी कोन हाय?" मी म्हटलं, मी पंजाबी ड्रेस घातलाय, पदर कुठून आणू? "वढनी पसर." पसरली, काय करते. ते केस सुटे पडतच नव्हते, अख्खा गालिचा सोलल्यासारखा एका तुकड्यात निघत होता. तेलकट, जड, गोचिडांसकट. माझी चांगली ओढणी होती ती. पण मी हलले नाही.

सगळं निघालं तेव्हा मामाच्या मांडीवर एक एवढंसं गुलाबी पिल्लू उरलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. आम्ही ज्याला गुटगुटीत समजत होतो ते सगळे केसच होते. डॉक्टरांनी दिलेलं मलम काकूंनी हलक्या हातानं लावलं, कान पुसले. "इतकाच हाय का रे तू?" त्या म्हणाल्या. "इतकाच? आन् येवढं वझं घेऊन फिरत होता, माय?" मधुकरनं अंग झटकलं, त्याला ते इतकं हलकं लागलं असावं की तो पडलाच. मग उठला, समोरच्या वाटीतलं दूध सबंध प्यायला आणि परत मामाच्या मांडीवर जाऊन बसला. मी तोंड फिरवून घेतलं. मला कुत्र्यांचं वेड नाही, पण डोळे काय ऐकतात?

सलूनवाला मशिन गुंडाळायला लागला. भाऊ म्हणाले, "थांब जरासा." मग मुलाकडे पाहिलं. "बस."

"मी?" मुलगा म्हणाला.

"रस्त्यानं सांगतलं ना तुले सगळं. बस."

मुलगा बापाजवळ पाटाच्या कडेला, जमिनीवर, मांडी घालून बसला. एवढा मोठा मिशीवाला माणूस. त्यानं मान खाली घातली आणि डोकं पुढे केलं.

"ताई," भाऊ म्हणाले. "तवा मी बोललो नाई. मले बोलाले पायजे होतं. मी भेलो तवा. पदर पसर."

काकू उभ्याच. "येडा झाला का तू? आता याच्या डोक्यात जावळ कुठं रायलं? याले तं टक्कल पडून राह्यलं."

"जे हाय ते घे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीतले केस बाजूला ठेवून त्यांना जागा करून दिली. मग गुडघे धरत धरत त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. सलूनवाल्यानं कात्री घेतली, भाच्याच्या कानामागची एक बट धरली आणि कापली. ती पदरात पडली. काकूंनी पदर मिटला नाही. एक बोट त्या केसांवरून फिरवत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, ते पुसलंही नाही.

"पाह्य वं," त्या मला म्हणाल्या, "किती मऊ हायेत याचे केस."

मी वाकून पाहिलं. हेल्मेटखाली घामेजलेले, राठ, काथ्यासारखे केस होते, त्यात दोन पांढरे.

"हो काकू," मी म्हटलं, "खूप मऊ आहेत."